जोंगा थांबली, कारखाना चालू राहिला

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या शाळेत वाणिज्य शाखेच्या मुलांना 'उत्पादनाचं जीवनचक्र' शिकवायचं असेल, तर उदाहरणासाठी लांब जायला नको. फळ्यावर 'जोंगा' एवढा एक शब्द लिहिला तरी पुरे. इथे ज्यांच्या घरातले आजोबा किंवा काका आयुध निर्माणीत नोकरीला होते अशी मुलं बरीच. त्यांनी हा शब्द घरी ऐकलेला असतो.

जोंगा ही लष्कराची दणकट गाडी. जपानच्या निसान कंपनीच्या आराखड्यावर बेतलेली, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली' या इंग्रजी नावातली अक्षरं जुळवून तिचं नाव तयार झालं. 1969 मध्ये उभ्या राहिलेल्या जबलपूरच्या वाहन निर्माणीत ती वर्षानुवर्षं बनत होती.

थिओडोर लेव्हिट यांनी 1965 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त जीवनचक्रावर जो लेख लिहिला, त्यातल्या चार अवस्था आजही शिकवल्या जातात: प्रवेश, वाढ, परिपक्वता आणि उतार. जोंगाच्या बाबतीत त्या ओळखता येतात, पण एक फरक मुलांना आवर्जून दाखवायला हवा. साबणाला लाखो गिऱ्हाइकं असतात, जोंगाला मुख्यतः एकच होतं, ते म्हणजे लष्कर. त्यामुळे जाहिरात नाही, दुकान नाही आणि दरांची चढाओढही नाही. पण त्या एका ग्राहकाची गरज बदलली की सगळा आलेख खाली येणार. मारुती जिप्सीसारखी हलकी गाडी लष्करात आली आणि जोंगाचा उतार सुरू झाला. 1996 मध्ये डिझेल इंजिन बसवून ती सामान्य ग्राहकांना विकायचा प्रयत्न झाला. आयुष्य वाढवण्याचा पुस्तकातला उपाय नेमका हाच, नवं रूप आणि नवा ग्राहक. पण ही उभारी टिकली नाही आणि 1999 मध्ये उत्पादन थांबलं.

इथे शिक्षकांनी थांबून मुलांना विचारावं: घरासाठी गाडी घेणारा माणूस काय काय पाहतो? किंमत, इंधनाचा खर्च, सुटे भाग, जवळचं गॅरेज. यातलं सैन्याला काय लागतं आणि काय लागत नाही? एका ग्राहकासाठी घडवलेली वस्तू दुसऱ्याला चालेलच असं नाही, हे मुलांना व्याख्येशिवाय कळेल.

आता 'चक्र' हा शब्द पाहू. चक्र फिरून मूळ जागी येतं, जोंगा मात्र परत आली नाही. फिरत राहिला तो कारखाना. याच वाहन निर्माणीतला, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक गेला, तर त्याच्या जागी अशोक लेलँडच्या आराखड्याचा स्टॅलियन आला. जबलपूरच्याच दुसऱ्या कारखान्याने, 1904 मध्ये स्थापन झालेल्या, तोफांचे गाडे बनवणाऱ्या गन कॅरेज फॅक्टरीने, एप्रिल 2019 मध्ये 155 मिलिमीटरच्या धनुष तोफांची पहिली तुकडी लष्कराच्या हवाली केली. वस्तूला वय असतं. कारखान्याचं आयुष्य मात्र पुढची वस्तू वेळेवर हाती घेण्यावर ठरतं, आणि ती तयारी आधीची वस्तू जोरात खपत असतानाच करावी लागते.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. हा धडा घेताना मुलांना घरी पाठवा आणि आजोबांना एवढंच विचारायला सांगा: तुमच्या कारखान्यात आधी काय बनायचं, ते का थांबलं आणि त्या जागी काय आलं? या तीन उत्तरांतून काढलेला आलेख मुलं परीक्षेनंतरही विसरणार नाहीत.