तेवीसशे रात्रींचा हिशेब

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडने १९६७ ते १९८९ या काळात स्टुडिओत बसून केलेले अल्बम फक्त तेरा. ओळीने लावले तर सगळे मिळून नऊ-एक तासांत संपतात. सकाळच्या चहाला सुरू करा, दिवेलागणीला मोकळे व्हा. आता दुसरा आकडा बघा. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत याच बँडने सुमारे २,३०० जाहीर कार्यक्रम केले. एक कार्यक्रम सरासरी अडीच तासांचा धरला, तर ते पावणेसहा हजार तास होतात. रोज आठ तास, रविवार-सणवार न पाळता ऐकत बसलं, तरी जवळजवळ दोन वर्षं पुरतील. स्टुडिओतल्या एका तासामागे लोकांसमोरचे सहाशेहून जास्त तास!

वर्षाला सरासरी शहात्तर-सत्त्याहत्तर कार्यक्रम, म्हणजे तीस वर्षं दर पाचव्या दिवशी एक. आणि एवढं वाजवून अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचलेलं यांचं गाणं किती? एकच. ‘टच ऑफ ग्रे’, १९८७ साली, नवव्या क्रमांकावर. बँड सुरू होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. रेकॉर्ड-कंपनीच्या वहीतून पाहिलं तर ही कारकीर्द बेताचीच दिसते. पण ती वही या बँडसाठी नव्हतीच.

गिटारवादक जेरी गार्सिया, बॉब वीर, बास वाजवणारा फिल लेश आणि त्यांचे साथीदार रात्री काय वाजवायचं याची यादी आधीपासून पक्की करत नसत. ‘मी अँड माय अंकल’ हे एक गाणं त्यांनी सहाशेहून अधिक वेळा वाजवलं, तरी ते दरवेळी वेगळ्या जागी आणि वेगळ्या गाण्यातून निघून येई. ‘डार्क स्टार’ १९६८ साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपत होतं. मे १९७२मध्ये रॉटरडॅमला तेच गाणं पाऊण तासाहून जास्त चाललं. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. बंदिशीच्या दोन ओळींवर तासभर राग मांडला जातो हे आपण लहानपणापासून पाहतो. रॉकच्या दुनियेत मात्र हे बंडच होतं.

त्यातला आपल्या मातीचा धागाही खरा आहे. ड्रमवादक मिकी हार्ट १९६७ साली बँडमध्ये आला, आणि त्याच्या तालविचारावर तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांचा खोल ठसा उमटला. त्या दिवसांतलं ‘दि इलेव्हन’ हे गाणं अकरा मात्रांत बांधलेलं आहे. पुढे त्यांचे चिरंजीव, माहीममध्ये वाढलेल्या झाकीर हुसेन यांनी हार्टसोबत १९७६ साली ‘दिगा रिदम बँड’चा अल्बम केला. दोघांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताच्या अल्बमसाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं.

गर्दीच्या आकड्यांनी मात्र मी फारसा भारावत नाही. जुलै १९७३मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन इथल्या मोटार शर्यतीच्या मैदानावर सुमारे सहा लाख लोक जमले. ग्रेटफुल डेडबरोबर तिथे ऑलमन ब्रदर्स आणि दि बँड होते. तिकिटं विकली होती दीड लाख. या गर्दीपेक्षा मला तिच्यामागची अडचण जास्त खिळवून ठेवते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून २०० मीटरवर स्पीकर लावला, तर त्याच्यातून सूर तारेने लगेच येतो, पण मंचावरून हवेतून येणारा तोच सूर अर्ध्या सेकंदाहून उशिरा पोचतो. सगळा घोळ. म्हणून दूरच्या मनोऱ्यांवरच्या स्पीकरना आवाज मुद्दाम थांबवून देणारी डिजिटल यंत्रं जोडली गेली. ही १९७३ची गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी त्यांनी जे उभारलं त्याला ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणतात, आणि त्याविषयी वाचताना आजही छाती दडपते. कल्पना ऑस्ली स्टॅनली या ध्वनितंत्रज्ञाची. हाच माणूस एलएसडी बनवण्यासाठीही प्रसिद्ध होता. सहाशेच्या आसपास स्पीकर, २६ हजार वॅटहून जास्त ताकद, एकूण वजन सुमारे ७५ टन. ही सगळी भिंत बँडच्या समोर नव्हे, पाठीमागे उभी राहायची. वादकांना आणि श्रोत्यांना एकच आवाज ऐकू यावा, हा हेतू. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर दिलेले होते. लेशच्या बासच्या तर चार तारांचे चार वेगळे मार्ग काढले होते.

पण गाणाऱ्याच्या पाठीमागेच एवढी भिंत गरजत असेल, तर तो आवाज माइकमध्ये शिरून कर्कश शिट्टी वाजणारच. त्यावरचा उपाय अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक गायकापुढे एकावर एक असे दोन माइक, मध्ये जेमतेम सहा सेंटिमीटर अंतर, आणि दोघांची जोडणी एकमेकांच्या उलट. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच जाई आणि उलट जोडणीमुळे खोडला जाई. गायक ओठ वरच्या माइकला जवळजवळ टेकवून गाई, त्यामुळे त्याचा आवाज तेवढा उरे. तो जरा पातळ ऐकू येई, पण शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जाई.

हा डोलारा एका रात्रीत उतरवून दुसऱ्या गावी चढवणं शक्यच नव्हतं. म्हणून परांच्यांचे दोन संच केले. एकावर कार्यक्रम चाले तेव्हा दुसरा पुढच्या गावी उभा राहत असे. खर्चाने कंबरडं मोडलं. ऑक्टोबर १९७४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडला पाच रात्री वाजवून बँड थांबला. १९७५ साली त्यांचे कार्यक्रम झाले फक्त चार. एका चांगल्या आवाजाच्या हट्टापायी धंदा पणाला लावणारी ही माणसं मला म्हणूनच प्रिय आहेत.

आणि हे सगळं टिकलं ते श्रोत्यांमुळे. टेपरेकॉर्डर घेऊन आलेल्या माणसाला बँडने हाकललं नाही. १९८४पासून तर त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात वेगळी जागा राखली. अट एवढीच की टेप विकायची नाही, अदलाबदल करायची. आपल्याकडे कुमार गंधर्वांच्या, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या खासगी मैफलींच्या कॅसेट जशा हातोहात फिरल्या, तशाच या फिरल्या. फरक इतकाच की इथे कलाकारांनी स्वतःहून दार उघडलं होतं.

बँडची स्वतःची ध्वनिमुद्रणंही होती. बेटी कँटर-जॅक्सन ही त्यांची ध्वनिमुद्रक. ८ मे १९७७ला कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली रात्र तिने टिपली. पुढे तिच्यावर हलाखीचे दिवस आले, भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले आणि १९८६ साली तिच्या टेपांचा ढीग लिलावात गेला. ज्यांनी तो घेतला त्यांच्याकडून टेपा हळूहळू रसिकांत पसरल्या. त्याच कॉर्नेलच्या रात्रीला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहाच्या यादीत स्थान दिलं. अधिकृत अल्बम निघाला २०१७मध्ये, चाळीस वर्षांनी.

गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ला वयाच्या ५३व्या वर्षी गेला आणि बँड विसर्जित झाला. आकडे मात्र थांबले नाहीत. १९७२च्या युरोप दौऱ्याचे सगळे २२ कार्यक्रम २०११ साली ७३ सीडींच्या एका पेटाऱ्यात आले. त्याच्या ७,२०० प्रती काही दिवसांतच संपल्या. पुढे जुन्या मैफलींचे अल्बम दरवर्षी चार या हिशेबाने निघू लागले. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांतल्याच एका अल्बमने बिलबोर्डच्या यादीत पहिल्या चाळिसांत जागा मिळवली. ग्रेटफुल डेडचा तिथे पोचलेला हा ५९वा अल्बम. एल्व्हिस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा यांचे प्रत्येकी ५८ होते. या ५९पैकी बहुसंख्य अल्बम बँड बंद पडल्यानंतरचे आहेत, आणि त्यांतलं जवळजवळ सगळं संगीत १९९५च्या आधी एखाद्या गावच्या सभागृहात, एकाच रात्रीसाठी वाजवलेलं आहे.