सॉना हवा, पण किती डिग्रीवर?

मे महिना, दुपारचे दोन. नांदेडच्या रस्त्यांवर चिटपाखरू नाही. रसवंतीवाल्याने बर्फावर ओलं गोणपाट टाकलंय, रिक्षावाले उपरण्याने तोंड गुंडाळून झाडाखाली आडवे झालेत आणि पारा ४३ वर टेकलाय. अशा वेळी मैत्रिणीचा फोन येतो, ‘चल ना, इन्फ्रारेड सॉना ट्राय करू. जाम फ्रेश वाटतं, मस्त घाम निघतो!’ घाम? तो तर इथे मार्चपासून फुकट निघतोय!

माझ्या ताईची रिअॅक्शन अस्सल मराठवाडी होती. ‘काय गं, पैसे देऊन घाम काढायलीस? गच्चीवर जाऊन बस की.’ ताई लातूरला असते, मी मूळची नांदेडची, नोकरी पुण्यात. त्यामुळे तिन्ही गावांची हवा मला अंगाने ठाऊक आहे आणि ताईच्या टोमण्यात एक खरा प्रश्न दडलाय हेही कळतं. पुण्यातल्या एसी ऑफिसातून उठून जाणाऱ्याला जो आकडा मानवेल, तोच नांदेडच्या उन्हातून आत शिरणाऱ्याला कसा मानवेल?

पण काउंटरवर विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं, ‘मॅडम, सगळे साठवरच बसतात.’ सगळे म्हणजे नक्की कोण हो?

आकडा नेमका कशाचा?

लाकडी पेटीच्या दारावर जो लाल आकडा चमकतो, तो पेटीतल्या हवेचा. तुमच्या अंगाचा नाही. फिनलंडमधल्या पारंपरिक सॉनात हवाच ८० ते १०० डिग्रीपर्यंत तापवतात आणि ती हवा माणसाला तापवते. इन्फ्रारेडचा फंडा वेगळा. तिथे हीटरच्या पॅनेलमधून निघणारी उष्णता थेट अंगावर पडते. डिसेंबरच्या सकाळी ओसरीवर ऊन खात बसलात की हवा गार असते, पण पाठ मस्त शेकते ना? तसंच. म्हणून इथे ४५ ते ६० डिग्रीतच काम होतं.

माहितीपत्रकातल्या दोन गोष्टी इथेच निकालात काढू. ‘किरण चार सेंटिमीटर आत जातात’ असं छापलेलं असेल तर सोडून द्या. अशा पेट्यांमध्ये मुख्यतः जे लांब लहरींचे किरण असतात, ते कातडीच्या अगदी वरच्या थरात, मिलिमीटरच्याही आत शोषले जातात. पुढे ऊब पोचवायचं काम आपलं रक्तच करतं. आणि ‘डिटॉक्स’? घाम म्हणजे पाणी आणि मीठ. शरीराची साफसफाई लिव्हर आणि किडनी बघतात, ती खाती अजून घामाकडे गेलेली नाहीत! सेशननंतर काट्यावर जे अर्धा किलो कमी दिसतं, ते दोन ग्लास पाणी प्यालात की परत आलंच म्हणून समजा.

एकच आकडा कुठे सुखाचा आणि कुठे चटक्याचा, हे कळायला आपलं उनकेश्वर आठवा. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे, पैनगंगेच्या काठावरचे ते गरम पाण्याचे झरे. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून ते काढले, अशी कथा सांगतात. त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक आजही तिथे आंघोळीला जातात. आता हिशेब बघा. गरम पाण्याच्या टबात ४० ही वरची मर्यादा मानतात. वाफेच्या खोलीत ४५ च्या आसपास. कोरड्या हवेत मात्र माणूस ८० डिग्रीतही काही मिनिटं बसतो. कारण पाणी उष्णता भराभर अंगात घालतं, वाफेत घाम वाळत नाही आणि कोरड्या हवेत घाम वाळता वाळता आपल्याला गार करत राहतो. म्हणजे तुम्हाला वाचवतो तो घाम. तो वाळायला वाव नसेल किंवा अंगात पाणीच नसेल, तर ४५ सुद्धा जास्त होतात.

नांदेडचा मे, लातूरचा डिसेंबर

आता खरी गंमत. पेटीतला थर्मोस्टॅट हवा मोजतो आणि ठरलेला आकडा आला की हीटर बंद करतो. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेडपेक्षा बरंच उंच. तिथे डिसेंबरच्या सकाळी खोली गार असते. ५० वर सेट केलंत तर हीटर बराच वेळ चालू राहतात आणि तुमच्या पाठीला ऊब मिळत राहते. हाच ५० चा आकडा नांदेडला मे महिन्यात लावा. खोलीच आधी ३८-४० वर असते. पेटी झटक्यात ५० गाठते, हीटर बंद पडतात आणि तुम्ही नुसत्या कोंदट गरम हवेत बसून राहता. ‘काही फील नाही येत यार’ म्हणून माणूस बटण दाबत साठवर जातो. आणि अंग तर उन्हातून येतानाच तापलेलं! एकच आकडा, पण हिवाळ्यात तो अपुरा वाटेल इतका सौम्य आणि उन्हाळ्यात अंगाशी येईल इतका कडक.

विजेचंही तसंच. दाब २३० ऐवजी २०० व्होल्टवर आला की हीटरची ताकद जवळपास पाव हिश्श्याने घटते. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवे मंदावतात ते दिवस आठवा. पेटी तापायला वेळ लागतोय म्हणून ऑपरेटर आकडा चढवून ठेवतो, मध्येच दाब सुधारतो आणि आत बसलेल्याला काही कळायच्या आत पारा वर. शिवाय सेन्सर कुठे बसवलाय त्यावरही फरक पडतो. छताजवळ असेल तर वरची गरम हवा मोजली जाते, बाकावर तेवढी नसते. म्हणून एका ठिकाणचे ५५ आणि दुसऱ्या ठिकाणचे ५५ यांची तुलनाच नको.

मग ‘साठ’ आलं कुठून? त्याला एक इज्जतदार घराणं आहे. जपानमध्ये चुवा तेई या हृदयरोगतज्ज्ञांनी १९८९ पासून हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी इन्फ्रारेड सॉनाची पद्धत बसवली, पुढे तिला ‘वाओन’ असं नाव मिळालं. ६० डिग्री, फक्त १५ मिनिटं, मग बाहेर येऊन अर्धा तास ब्लँकेट पांघरून पडून राहायचं आणि गेलेलं पाणी भरून काढायचं. शरीराचं आतलं तापमान एखादी डिग्री वाढतं, बस्स. पण हे सगळं हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या नजरेसमोर. आपल्याकडे त्यातला साठचा आकडा तेवढा उचलला गेला, पंधरा मिनिटं आणि डॉक्टर मागेच राहिले! ‘सॉनामुळे हार्ट अॅटॅक टळतो’ म्हणून जो फिनलंडचा २०१५ चा मोठा अभ्यास दाखवतात, तो दोन हजारांवर पुरुषांचा होता. पण तो पारंपरिक सॉनाचा. इन्फ्रारेड पेटीला त्याचं सर्टिफिकेट चिकटवणं म्हणजे थोरल्याच्या मार्कांवर धाकट्याला अॅडमिशन मागणं.

चरकांकडे थर्मामीटर नव्हता

मला या विषयात सगळ्यात मॉडर्न वाटले ते चरक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय पूर्ण स्वेदनावर आहे. अग्नी वापरून घाम काढण्याचे तेरा प्रकार त्यात सांगितलेत. त्यातला ‘जेन्ताक’ म्हणजे तर मधोमध भट्टी असलेली गोल खोली, सरळ सरळ सॉनाच! अग्नीशिवाय घाम आणणारे दहा प्रकार वेगळे. त्यात व्यायाम आहे, जड पांघरूण आहे, ऊन आहे. आणि भीती व राग हेसुद्धा आहेत. (अप्रेझलच्या आठवड्यात आपण हे दोन्ही एकदम करतो.)

तिथे डिग्री नाही, खुणा आहेत. थंडी आणि दुखणं गेलं, ताठरपणा आणि जडपणा उतरला, अंग मऊ झालं, घाम फुटला की थांबा. त्यापुढे गेलात तर तहान, आग, चक्कर, गळून जाणं. मग ग्रीष्म ऋतूत पाळतात तसा गार, गोड आहार-विहार करा असा सल्ला. डोळे, हृदय आणि वृषण यांना शेक अगदी सौम्य द्या किंवा देऊच नका, हेही बजावलंय. इटलीत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तीन महिने नियमित सॉना घेणाऱ्या पुरुषांचा स्पर्म काउंट घसरलेला आढळला. सॉना बंद केल्यावर काही महिन्यांनी तो पूर्वपदावर आला. बाळाचं प्लॅनिंग चालू असलेल्या नवरे मंडळींनी काय ते समजून घ्यावं.

आणि ऑफिसच्या ग्रुपमध्ये ‘कोण जास्त वेळ बसतं’ अशी पैज लागली तर सरळ उठा. फिनलंडमध्ये हाइनोला गावी अशी वर्ल्ड चॅम्पियनशिपच भरायची, ११० डिग्रीवर. २०१० च्या फायनलमध्ये एका स्पर्धकाचा जीव गेला, दुसरा गंभीर भाजला. ती स्पर्धा कायमची बंद झाली.

बाबांना पॅकेज गिफ्ट करताय?

माझ्या एका मित्राने पुण्यातून ऑनलाइन पैसे भरून लातूरच्या एका जिममध्ये बाबांसाठी दहा सेशन्सचं पॅकेज घेतलं. बाबांचे गुडघे दुखतात, तेवढाच आराम. भावना शंभर टक्के खरी. पण बाबांना बीपीची गोळी चालू, सोबत लघवी जास्त होण्याची गोळी. एप्रिलचा शेवट, स्कूटरवरून भर दुपारी पोचले, आणि आकडा तोच, साठ. बाराव्या मिनिटाला उठले तशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दारातच बसले. आडवं करून पाय उंच केले, घोट घोट पाणी दिलं, तासाभराने ठीक. कुणी विचारलंच नव्हतं, ‘काका, औषधं कोणती घेता?’ आणि काकांनाही ते सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

उष्णतेत रक्तवाहिन्या रुंदावतात, बीपी तसंही उतरतं. वर गोळीनेही उतरलं तर माणूस कोसळतो. काही डिप्रेशनच्या आणि सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या घामच कमी करतात. गरोदरपणात सॉना नकोच. ताप असेल, जुलाब होऊन गेले असतील, आदल्या रात्री पार्टी झाली असेल, तरीही नको. दारू आणि सॉना ही जोडी तर हमखास गोत्यात आणते.

मी स्वतः काय करते? हिवाळ्यात नांदेडला घरी गेले की ५० ते ५५, वीस मिनिटं. पहिल्यांदाच जाणाऱ्याला सांगते, ४५ वर दहा-बारा मिनिटं बस, जमलं तर पुढच्या खेपेला दोन-तीन डिग्री वाढव, एक दिवसाआड. आत पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागली, मळमळलं, डोकं ठणकलं, अंगावर काटा आला किंवा येणारा घाम थांबला तर आकडा कितीही असो, बाहेर. मे महिन्यात गेलेच तर सकाळी आठच्या आत, ४५ वर, दहा मिनिटं. उन्हातून आल्यावर आधी अर्धा तास पंख्याखाली. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल त्या दिवशी बुकिंग कॅन्सल, पैसे गेले तरी. आणि अंगठ्या, चेन, मंगळसूत्र बाहेर काढून ठेवा, धातू तापतो. कॉन्टॅक्ट लेन्सही.

पाण्याचं मात्र लातूरकरांना कुणी शिकवायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ते दिवस पाहिलेल्या घरात थेंबाचा हिशेब असतो. एका सेशनमध्ये अर्धा लिटर घाम सहज जातो, कधी जास्तही. जाण्याआधी दोन ग्लास पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत. ताई ज्वारीची आंबील देते, तीही झकास. लगेच एसीत घुसायचं नाही की बर्फाच्या पाण्याने आंघोळ करायची नाही. दहा मिनिटं नुसतं बसायचं.

आणि काउंटरवर भीड ठेवू नका. सरळ सांगा, ‘दादा, ४५ वर ठेवा, बारा मिनिटांनी दार वाजवा, आणि मध्ये आकडा वाढवू नका.’ तो म्हणेल, मॅडम, मग मजा नाही येणार. म्हणू द्या.