भावना दुखावल्या म्हणजे गुन्हा झाला का?

ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. मूळचे काश्मीरचे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणारे एक प्राध्यापक. त्यांनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर दोन मजकूर ठेवले. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, असा एक, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारा दुसरा. हातकणंगले पोलीस ठाण्यात त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ (गटागटांत वैर पसरवणं) खाली गुन्हा दाखल झाला. तो रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. कलम ३७० रद्द करण्याच्या सरकारच्या निर्णयाचा निषेध करण्याचा, त्या दिवसाला काळा दिवस म्हणण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, दुसऱ्या देशातल्या लोकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात गुन्हा नाही, आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहून त्याच्या हेतूवर संशय घेता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय आणि त्याची मर्यादा कुठे, हे पोलिसांना समजावून देण्याची वेळ आली आहे, असंही बजावलं.

दीड वर्ष एका शिक्षकाच्या डोक्यावर फौजदारी खटल्याची टांगती तलवार राहिली. ज्या समजुतींपायी ती राहिली, त्या फक्त पोलीस ठाण्यातल्या नाहीत. चावडीवर, सोसायटीच्या ग्रुपवर, बातम्यांच्या मथळ्यांतही त्या तितक्याच पक्क्या आहेत. आणि त्यांची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते: साधं मत मांडणारा अडकतो, आणि खरोखर एखाद्या समाजावर लोकांना सोडणारा मोकळा राहतो.

‘भावना दुखावल्या की गुन्हा झाला’

आपल्याकडचा हा सर्वांत मोठा गैरसमज. राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्यावर वाजवी निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतील, ते १९(२) मध्ये मोजून दिलं आहे: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की ही यादी पूर्ण आहे आणि तिच्यात कुणाला नवी भर घालता येणार नाही. या यादीत ‘भावना’ कुठेही नाहीत.

‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारणसुद्धा मूळ घटनेत नव्हतं. १९५० मध्ये मद्रास सरकारने ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात बंदी केली. त्याचे संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने हे कारण आलं, आणि त्याच दुरुस्तीत निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे ही अटही आली. द्वेषाविरुद्धची आपली कलमं घटनेत मुख्यतः या सुव्यवस्थेच्या आधारावर उभी आहेत.

मग धार्मिक भावनांचं ते प्रसिद्ध कलम २९५-अ? ते कसं आलं हे माहीत असलं, तर त्याचा अर्थ नीट कळतो. लाहोरमध्ये राजपाल नावाच्या प्रकाशकाने ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका काढली. १५३-अ खाली खटला झाला आणि १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. मृत धर्मसंस्थापकावरची टीका त्या कलमात बसत नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. प्रचंड क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी २९५-अ आलं. (राजपाल यांचा पुढे १९२९ मध्ये खून झाला.) पण मध्यवर्ती विधिमंडळात या विधेयकावर बोलताना जिनांसारख्या सदस्यांनी आग्रह धरला होता, की इतिहासाचं काम करणारे, सत्य शोधणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना या कलमापासून संरक्षण हवं. म्हणून कलमात शब्द आले ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनेशी सुसंगत ठरवलं ते याच शब्दांच्या बळावर. निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान यात येत नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं, तेव्हाचा खटलाही २०१७ मध्ये याच मुद्द्यावर संपला.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. कुणाच्या समोर, त्याच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनेच मुद्दाम काही बोलणं हा वेगळा, कमी शिक्षेचा गुन्हा आहे. तिथेही दुखावलेल्याचं मन पुरत नाही, बोलणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागतो.

महाराष्ट्राने तर हे विशेष जपायला हवं. आगरकरांच्या लिखाणाने पुण्यातले सनातनी इतके चिडले, की त्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दुखावलेलं मन हा पुरावा धरला असता, तर फुल्यांची ‘गुलामगिरी’ आणि ‘सुधारक’चे अंक दोन्ही जप्त झाले असते.

‘कुणी भडकलं, म्हणजे लिहिणाऱ्याचा दोष’

मजकूर कुणाच्या नजरेने वाचायचा? या प्रश्नाचं उत्तर नागपुरातून आलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम विचारी, खंबीर मनाच्या, धीराच्या माणसाच्या मापाने जोखावा. दुबळ्या, चंचल मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने जोखू नये. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी पुन्हा पुन्हा वापरली आहे. १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात तिला जोड मिळाली: बोलणं आणि संभाव्य धोका यांचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका जवळचा हवा, ओढूनताणून आणलेला नको.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं प्रकरण आपल्याला आठवतं ते जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यामुळे. त्याचा कायदेशीर शेवट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटला. पुण्यात दाखल झालेला १५३-अ चा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला: समाजांमध्ये वैर वाढवण्याचा हेतू हा या गुन्ह्याचा गाभा आहे, तो संपूर्ण पुस्तकावरून ठरवायचा, सुटं वाक्य उचलून नव्हे. पुस्तकाच्या जप्तीचा आदेशही उच्च न्यायालयाने रद्द केला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. ज्या वाक्यावरून वाद झाला ते योग्य होतं, असं यातून कुणी वाचू नये. ते वाक्य हा फौजदारी गुन्हा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

‘नेत्यावर, सरकारवर बोलणं म्हणजे द्वेष’

नाही. १५३-अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात किंवा समुदाय यांच्या आधारे गटागटांत वैर पसरवण्याबद्दल आहे. किमान दोन गट त्यात असावे लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं. सरकार हा असा गट नाही, पक्ष नाही, नेता तर नाहीच.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. त्या घटनेने हादरून श्रेया सिंघल ही तरुणी न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरलं. त्या निकालाने तीन पायऱ्या दाखवल्या: चर्चा, प्रचार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा किंवा जोरदार प्रचार, तो कितीही अप्रिय असो, संरक्षित आहे. चिथावणीच्या पायरीवर पोहोचल्यावरच कायद्याचा हात येतो. संतापाची बाब ही, की मेलेल्या ६६-अ खाली पोलीस नंतरही वर्षानुवर्षं गुन्हे नोंदवत राहिले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचे आदेश नव्याने द्यावे लागले.

‘मी खरं तेच बोललो, मला कोण अडवणार’

आता दुसरी बाजू. स्वातंत्र्याच्या नावाखाली सगळं खपतं, असं मानणाऱ्यांचे गैरसमजही कमी नाहीत. बदनामीच्या खटल्यात, लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा बचाव असतो. द्वेषाच्या खटल्यात तो आपोआप मिळत नाही. गोपाळ गोडसे यांचं ‘गांधीहत्या आणि मी’ सरकारने जप्त केलं होतं. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली, पण त्याच निकालात सांगून ठेवलं, की लिखाण वैर चेतवण्यासाठी रचलेलं असेल, तर त्यातली इतिहासाची हकीकत खरी आहे एवढ्याने सुटका होत नाही. गुन्ह्यांची, अत्याचारांची खरी उदाहरणंसुद्धा निवडून, एका समाजाच्या माथी मारून, शेजाऱ्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरता येतात.

याच न्यायालयाने २०१० मध्ये आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामवरच्या इंग्रजी पुस्तकाची जप्ती मात्र कायम केली. धर्माची टीका करता येते, ती चुकीची असली तरी करता येते, हे तीन न्यायमूर्तींनी आधी मान्य केलं. मग संपूर्ण पुस्तक तपासून ते या निष्कर्षाला आले, की इथे चिकित्सा नाही, मुसलमानांविरुद्ध दुष्ट हेतूने केलेली चिथावणी आहे. गोडसे आणि भसीन हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. मर्यादा कुठे आहे हे त्यांतून जितकं कळतं, तितकं कलमांच्या भाषेतून कळत नाही.

‘दंगल कुठे झाली? मग गुन्हा कसला?’

दंगल व्हावी लागत नाही. वैर प्रत्यक्षात माजलं, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागत नाही. हेतू आणि शब्दांचा संभव पुरतो. नुसता शब्द मात्र पुरत नाही: इंदिरा गांधींची हत्या झाली त्या दिवशी चंदीगडमध्ये दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या, कुणी साथ दिली नाही, काही घडलं नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. कोण बोललं, कुठे, कुणासमोर, कोणत्या वातावरणात, यावर सगळं अवलंबून असतं. लाउडस्पीकरवर हजारोंपुढे बोलणाऱ्या पुढाऱ्याची जबाबदारी स्टेटस ठेवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. २०२० च्या अमीश देवगण प्रकरणात न्यायालयाने हे सविस्तर मांडलं.

अमेरिकेत ही पायरी फार उंच आहे. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालानुसार तात्काळ बेकायदा कृतीची चिथावणी असेल, तरच शिक्षा. जर्मनीत ज्यूंच्या संहाराला नाकारणंसुद्धा गुन्हा आहे. ‘जगात सगळीकडे असंच असतं’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक.

आपल्याकडे संरक्षणाचे आणखी दोन धागे आहेत. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. आणि निवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितली किंवा गटांत वैर पसरवलं, तर निवडून आल्यावरही आमदारकी जाते. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत ते झालं, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

‘तक्रारच नाही, पोलीस काय करणार?’

बरंच काही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवायला सांगितलं. एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश सगळ्या राज्यांना लागू केला, आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहायचा नाही असं बजावलं.

याउलट, तक्रार आली म्हणून लगेच गुन्हा आणि अटक, हेही बरोबर नाही. कलम १९६ ची कमाल शिक्षा तीन वर्षं आहे (प्रार्थनास्थळी पाच). अशा गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये गुन्हा नोंदला गेला होता. २८ मार्च २०२५ रोजी तो रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शब्दांवरून होणाऱ्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणंच योग्य.

व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिननेही उगाच घाबरू नये. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला, संगनमत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं.

खरी अडचण पुढे आहे. या कलमांखालच्या खटल्याची दखल घ्यायला न्यायालयाला सरकारची पूर्वमंजुरी लागते. कुणाच्याही त्रासदायक खटल्यापासून संरक्षण म्हणून ती अट ठेवली होती. पण बोलणारा सत्तेच्या जवळचा असेल, तर फाइल मंत्रालयात अडकू शकते. कायद्यात ‘द्वेषपूर्ण भाषण’ याची व्याख्याही नाही. विधी आयोगाने २०१७ च्या २६७ व्या अहवालात दोन नवी कलमं सुचवली होती, पण २०२३ मध्ये दंड संहिता बदलून न्याय संहिता आली तेव्हाही ती घेतली गेली नाहीत. मला विचाराल तर नव्या कलमापेक्षा या मंजुरीला ठरावीक मुदत घालणं अधिक गरजेचं आहे.

तोवर, तुमच्या गावात कुणी एखाद्या समाजावर बहिष्कार टाका, त्यांना हाकलून लावा असं जाहीरपणे सांगत असेल, तर भाषणाची दहा सेकंदांची क्लिप पुढे ढकलू नका. पूर्ण चित्रण जपा, कारण न्यायालय संपूर्ण भाषण ऐकतं. तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि अंदाजे जमाव लिहून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नोंद झाली नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) हा मार्ग देतं.