शिकलगारांचे सतारमेकर झाले!
मिरजेच्या हुन्नराची कहाणी

नवा शोध म्हटला की प्रयोगशाळा आणि पदवीधर संशोधक डोळ्यांपुढे येतात. मिरज शहराचा अनुभव वेगळा आहे. तिथे नवा धंदा उभा केला तो हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी.

१८१८ साली पेशवाई संपली. पुढे लढाया थांबल्या आणि तलवारी-भाले दुरुस्त करणाऱ्यांचे काम आटले. मिरजेचे फरीदसाहेब याच व्यवसायातले. १८५० च्या सुमारास गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता ते स्वतः तंबोरे व सतारी घडवू लागले, असे मिरजेत सांगतात. धंदा बदलला तसे आडनावही बदलले. शिकलगारांचे 'सतारमेकर' झाले.

हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडून येतो. तो पुरता वाळवून, भिजवून, कापून त्याला आकार द्यावा लागतो. त्यावर लाकडी तबली आणि दांडी बसते. खरी परीक्षा मात्र घोडीवर होते. घोडीचा माथा कानसीने इतका बेताने घासायचा, की तार त्याला हलकेच स्पर्श करीत घुमावी. यालाच जवारी काढणे म्हणतात. केसभर जास्त घासले तर आवाज बिघडतो. धार लावणाऱ्या हाताला हा अंदाज आधीपासून होता. जुने कसब टाकून न देता त्यांनी ते नव्या कामाला जुंपले.

गिऱ्हाईकही पारखी मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) मिरजेत राहत. असा कान असलेला गवई शेजारी असला की कारागिराची चूक लपत नाही. माल आपोआप सुधारतो.

आज पेच नवा आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, पाठोपाठ मोबाईलमधला आला. मेहनत जास्त, मिळकत बेताची, म्हणून पुष्कळ घरांतील मुले दुसरीकडे वळत आहेत.

अशा वेळी २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे बनवलेला माल 'मिरजेचा' म्हणून विकण्यास आता कायद्याने अटकाव करता येतो. पण कारागीर बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ नोंदणी संस्थेच्या नावावर असते. तिचा लाभ घेण्यासाठी प्रत्येक कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. शिवाय नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून पुढे नूतनीकरण करावे लागते. कागद वेळेवर झाला नाही तर नाव आपले आणि नफा दुसऱ्याचा, असे व्हायचे.

तलवारीची मागणी संपली तेव्हा मिरजेचा शिकलगार हातावर हात ठेवून बसला नाही. विणकर असो, चर्मकाम करणारा असो की तांबट, ज्याचा धंदा आज मंदावला आहे त्याने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या हातातले हे कसब आणखी कोणाच्या उपयोगी पडेल?