न पाहिलेला अणू खरा कसा ठरला?

गेल्या आठवड्यात आपण डाल्टनपाशी थांबलो होतो. त्याने १८०८ साली मांडलेल्या अणूच्या कल्पनेवर रसायनशास्त्राने जवळजवळ शंभर वर्षं काम केलं. संयुगांमधली वजनांची प्रमाणं त्या कल्पनेने उलगडली, सूत्रं लिहिता आली. तरीही एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा युरोपातले काही पहिल्या फळीचे विद्वान अणूचं अस्तित्व मानायला तयार नव्हते. व्हिएन्नाचा एर्न्स्ट माख आणि लायपझिगचा विल्हेल्म ऑस्टवाल्ड ही त्यांतली दोन मोठी नावं. अणू ही हिशेबाला सोयीची कल्पना आहे, तेवढ्यावरून ती वस्तू निसर्गात असलीच पाहिजे असं ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा वाद पुढे मिटला, पण कोणी अणू डोळ्यांनी पाहिला म्हणून मिटला नाही. एकमेकींशी संबंध नसलेल्या अनेक वाटांनी अणू मोजला गेला आणि प्रत्येक वाटेने जवळपास तोच आकडा हाती आला, म्हणून मिटला. त्या मोजणीचं सर्वांत मोठं श्रेय पॅरिसच्या ज्याँ पेरँ यांना जातं.

विरोधकांना हटवादी म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं होईल. डाल्टनच्या पद्धतीने कळतात ती फक्त सापेक्ष वजनं: हायड्रोजन १ धरला तर ऑक्सिजन १६. एका अणूचं खरं वजन किती, हे त्यातून निघत नाही. योहान लोश्मिट यांनी १८६५ साली वायूंच्या गतिज सिद्धांतावरून रेणूच्या आकाराचा अंदाज बांधला होता, पण तो सिद्धांतच रेणू आहेत असं गृहीत धरून उभा होता. सिद्धांताने स्वतःच स्वतःची साक्ष द्यायची, हे माखना मान्य नव्हतं, आणि ही हरकत रास्त होती. तिला उत्तर द्यायचं तर अणूच्या कल्पनेने आधी एखादं भाकीत करायला हवं होतं, आणि ते भाकीत प्रयोगशाळेत खोटं ठरण्याची शक्यताही असायला हवी होती.

तशी संधी एका जुन्या कोड्याने दिली. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले बारीक कण अखंड थरथरताना दिसले होते. सुरुवातीला हे कण परागांमधले होते, म्हणून ही सजीवांची हालचाल असावी अशी शंका होती. पण दगडाच्या भुकटीचे कणही तसेच थरथरले आणि ती शंका संपली. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी दाखवून दिलं की पाण्याचे रेणू खरोखर असतील आणि कणांवर सर्व बाजूंनी आदळत असतील, तर कणाचं सरासरी विस्थापन काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढायला हवं. काळ चौपट झाला तर विस्थापन दुप्पट. शिवाय त्या विस्थापनाच्या मापावरून, एका ग्रॅम-रेणूत किती रेणू असतात ती ॲव्होगॅड्रो संख्या काढता येते.

पेरँ यांनी १९०८ पासून हे सगळं पडताळून पाहिलं. कोकमाच्याच कुळातल्या एका आशियाई झाडाची पिवळी राळ त्यांनी पाण्यात मिसळली. पुन्हा पुन्हा अपकेंद्री यंत्रात फिरवून त्यांनी तिचे एकाच आकाराचे कण वेगळे काढले. किलोभर राळेतून काही महिन्यांच्या खटपटीनंतर ग्रॅमचा जेमतेम काही दशांश भाग हाती आला. विस्थापनाखेरीज त्यांनी याच सिद्धांताचं आणखी एक भाकीत तपासलं. वातावरणात जसं वर जाल तशी हवा विरळ होते. रेणूंचा सिद्धांत खरा असेल, तर पाण्यात तरंगणारे हे कणही त्याच नियमाने विरळ व्हायला हवेत. कणांची त्रिज्या होती ०.२१२ मायक्रोमीटर. दर ३० मायक्रोमीटर उंचीला कण मोजले, तेव्हा त्यांचं प्रमाण १००, ४७, २२.६, १२ असं उतरत गेलं, म्हणजे दर टप्प्याला साधारण निम्मं. ऑक्सिजन निम्मा विरळ व्हायला शून्य अंशाला सुमारे ५ किलोमीटर उंची लागते. ही उंची ३० मायक्रोमीटरच्या जवळपास १७ कोटी पट आहे. म्हणून उत्प्लावन वजा केल्यावर कणाचं जे वजन उरतं, ते ऑक्सिजनच्या एका रेणूच्या तितकेच पट असणार. कणाचा आकार आणि घनता मोजता येत होती, तेव्हा उरला केवळ भागाकार. त्यातून ॲव्होगॅड्रो संख्या ६ ते ७ लाख अब्ज अब्ज यांच्या दरम्यान येत होती.

इथे आक्षेप येतो: हेही वर्तुळच नाही का? रेणू आहेत असं धरूनच पेरँ यांनी गणित मांडलं. एकच प्रयोग असता तर हा आक्षेप टिकला असता. पण प्लांक यांनी तप्त वस्तूंच्या प्रारणावरून, रदरफर्ड आणि गायगर यांनी अल्फा कण मोजून, आणखी कोणी आकाशाच्या निळेपणावरून हीच संख्या काढली होती, आणि आकडे एकमेकांच्या आसपास होते. कोर्टात एकमेकांना कधीही न भेटलेले साक्षीदार सारखीच जबानी देतात, तेव्हा त्यांनी ती संगनमताने रचली असं म्हणता येत नाही. पदार्थ अखंड असता, तर राळेचे कण, किरणोत्सर्ग आणि आकाशाचा रंग यांनी एकाच आकड्यावर येण्याचं काही कारणच नव्हतं. ऑस्टवाल्ड यांनी हे ओळखलं. १९०८च्या अखेरीस आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी पदार्थाच्या कणमयतेला पुरावा मिळाल्याचं मोकळेपणाने मान्य केलं.

आणखी दोन शंका उरतात. पेरँ यांचे आकडे आजच्या मूल्याहून दहा टक्क्यांच्या आसपास जास्त होते, मग ते विश्वासार्ह कसे? याचं उत्तर असं की इथे वाद दशांश चिन्हानंतरच्या अंकांचा नव्हता. अणू नसतेच, तर वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरं हजारो पटींनी भिन्न येऊ शकली असती. दुसरी शंका अधिक खोल आहे. १८९७ साली अणूचाच भाग असलेला इलेक्ट्रॉन सापडला होता, मग अविभाज्य अणू सिद्ध झाला असं कसं म्हणायचं? अणू अविभाज्य आहे असं पेरँ यांनी सिद्ध केलंच नाही. पदार्थ मोजता येण्याजोग्या कणांचा बनलेला आहे, एवढं त्यांनी सिद्ध केलं. आणि रेणू मोजला की त्यातले अणूही मोजले जातात, कारण रेणूत किती अणू हे सूत्रच सांगतं. १९२६ साली त्यांना मिळालेलं नोबेल पारितोषिक पदार्थाच्या या खंडित रचनेवरच्या कामासाठीच होतं. हा कण आतून कसा आहे, हा स्वतंत्र प्रश्न होता, आणि कण खरा आहे याची खात्री पटल्यावरच तो विचारण्यात अर्थ होता. मँचेस्टरमध्ये रदरफर्ड आणि त्यांचे सहकारी तो प्रश्न सोन्याच्या पातळ पत्र्याला विचारत होते. त्याचं उत्तर पुढच्या आठवड्यात पाहू.