बेटावरचे गोडे पाणी

करमाडसारख्या गावी राहून आम्ही बेटांविषयी लिहावयास बसलो, हे वाचून काही वाचकांस हसू येईल. येथून समुद्र सुमारे दोनशे मैल दूर. परंतु जुन्या काळच्या माणसांनी बेटांवर वस्ती कशी केली असेल, याचा विचार करू लागले असता समुद्र हळूहळू मागे पडतो, आणि जो प्रश्न पुढे येतो तो आम्हा मराठवाड्यातील लोकांच्या नित्य परिचयाचा आहे. तो म्हणजे प्यावयाच्या पाण्याचा.

संस्कृतात बेटास 'द्वीप' म्हणतात. 'द्वि' म्हणजे दोन आणि 'अप्' म्हणजे पाणी; ज्याच्या दोन्ही अंगांस पाणी आहे ते द्वीप, अशी या शब्दाची व्युत्पत्ती आहे. पण ही दोन्ही अंगांची पाणी खारट! तहान भागविणारे तिसरे पाणी आकाशातून जेवढे पडेल आणि माणसास जेवढे राखून ठेवता येईल तेवढेच.

जगात इतरत्र पाहिले तरी हाच अनुभव येतो. प्रशांत महासागरात दूरदूरच्या बेटांवर जाऊन वसलेले पॉलिनेशियन लोक आपल्या जोडनावांतून अळू, केळ, रताळे यांची रोपे व कंद बरोबर नेत. तेराव्या शतकाच्या सुमारास ते न्यूझीलंडास पोचले, तेव्हा तेथील थंडीत नारळ व केळ जगेनात. मग त्यांनी रताळ्यावर भर दिला, व ते हिवाळ्यात कुजू नये म्हणून जमिनीत खड्ड्यांची कोठारे केली. ईस्टर बेटावर तर बारमाही ओढाच नाही. तेथील लोक भूमीत मुरलेले पावसाचे पाणी किनाऱ्यावर जेथे झिरपून येई, तेथून पिण्याजोगे पाणी मिळवीत.

परंतु याचे सर्वोत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट. सहासष्ट गावे म्हणून 'षट्षष्टि', व त्याचीच पुढे साष्टी झाली. या बेटावर कांदिवली येथे अश्मयुगातील दगडी हत्यारे सापडली आहेत. म्हणजे मनुष्याचा वावर तेथे फार प्राचीन आहे. या बाजूच्या किनाऱ्यावरचे कोळी आजही पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून पुन्हा नावा लोटतात. मधल्या दिवसांसाठी मासळी आधीच वाळवून ठेवलेली असते. कोणत्या ऋतूत समुद्रापुढे मान लववावी, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले आहे.

याच साष्टीच्या मध्यभागी कान्हेरीची लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास तेथे बौद्ध भिक्षूंची वस्ती सुरू झाली आणि ती जवळजवळ एक हजार वर्षे टिकली. लेण्यांची संख्या शंभरावर आहे. एवढ्या मोठ्या संघाने तेथे पाणी कोठून आणले? मुंबईकडे पाऊस ऐंशी इंचांहून अधिक पडतो खरा. पण तो चार महिन्यांत पडून वाहून जातो. उरलेल्या आठ महिन्यांची सोय या भिक्षूंनी छिन्नीने केली. डोंगरमाथ्यावर खडकात पन्हळी खोदून पाणी वळविले, आणि बहुतेक लेण्यांच्या शेजारी त्यासाठी टाकी कोरली. शिलालेखांत अशा टाक्यास 'पोढी' म्हटलेले आढळते.

तेथील एका टाक्यावर संस्कृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णी याची राणी, जी महाक्षत्रपाची कन्या होती, तिच्या शतेरक नामक अमात्याने हे टाके दान दिले. लेखात त्यास 'पानीयभाजन' असे म्हटले आहे. दोन राजघराण्यांचा संबंध ज्या लेखावरून इतिहासकारांस कळला, तो लेख कोणा विजयाचा नव्हे, पिण्याच्या पाण्याचा आहे! हे सातवाहन आमच्याच जिल्ह्यातील पैठणचे, आणि कान्हेरीच्या लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक यांबरोबर प्रतिष्ठानाचेही नाव येते. बेटावरची वस्ती एकटी कधीच नव्हती. मुख्य भूमीवरील उदार गृहस्थांचा हात तिच्या पाठीशी होता.

पुढे मुंबई वाढली. १८६० साली कान्हेरीजवळच्याच डोंगरांत विहार तलाव झाला. तोही पुरेना, तेव्हा १८९२ साली तानसा झाला, व पुढे वैतरणा, भातसा येथून पाणी येऊ लागले. खाड्या बुजवून बेटे एकजीव केली गेली. आपण बेटावर राहतो याचा लोकांस विसर पडला. २००५ सालच्या २६ जुलैस सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यास जावयास वाट उरली नव्हती.

आम्ही मुंबईस नावे ठेवावी, असे मात्र नाही. २०१६ साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. त्याच उन्हाळ्यात आमची विंधनविहीर कोरडी पडली. घरचा जुना आड आम्ही स्वतःच, मातोश्री नको नको म्हणत असता, नळ आल्याच्या आनंदात फरशी टाकून बुजविला होता. टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या सुनांना पाहून आम्हास प्रथमच आपल्या शहाणपणाची लाज वाटली. फरशी काढली, गाळ उपसला, व पुढील पावसाळ्यात गच्चीचे पाणी वाळू-विटांच्या गाळणीतून त्यात सोडले. वर्षभर ते पुरत नाही. पण चैत्रापर्यंत धुण्याभांड्यांची चिंता राहत नाही. फरशी काढलेली पाहावयास मातोश्री मात्र नव्हत्या.

जेथे आकाशातून पडेल तेवढ्याच पाण्यावर निर्वाह करावयाचा, ते गाव समुद्रापासून कितीही दूर असो, बेटच होय. आमच्या भागात वर्षास सुमारे तीस इंच पाऊस पडतो. कान्हेरीच्या भिक्षूंपेक्षा आमची गरज अधिक, आणि साधने त्यांच्या छिन्नीहून पुष्कळ बरी. वाचकांच्या घरी बुजलेला आड असेल, तर घरातील वृद्धांस त्याची जागा विचारून ठेवावी. हे काम मृगापूर्वी करावयाचे आहे.