यंत्राच्या स्मृतीतील यादी

शाळेच्या हजेरीपटात नावे वर्णानुक्रमाने मांडलेली असावीत आणि वर्षाच्या मध्यावर नवा विद्यार्थी दाखल व्हावा, म्हणजे शिक्षकांची पंचाईत होते. त्याचे नाव मध्ये घालावयाचे तर त्याखालची सारी नावे एकेक ओळ खाली उतरवावी लागतात. गणकयंत्राच्या स्मृतीतही घरे अशीच ओळीने मांडलेली असतात, व तेथेही हीच अडचण येते.

अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ व हर्बर्ट सायमन यांनी १९५६ च्या सुमारास तिच्यावर एक युक्ती योजिली. नावे शेजारी-शेजारी ठेवण्याचा आग्रहच त्यांनी सोडला. प्रत्येक घरात नावाबरोबर पुढील नावाच्या घराचा पत्ता लिहावयाचा. मग 'कमल' व 'माधव' यांच्यामध्ये 'गोविंद' आणावयाचा झाल्यास त्याला कोणत्याही मोकळ्या घरात ठेवावे. कमलच्या घरात गोविंदचा पत्ता व गोविंदच्या घरात माधवचा पत्ता लिहिला की काम झाले. बाकीची नावे जागची हलत नाहीत. मात्र शंभरावे नाव हवे असेल तर पहिल्यापासून दारोदार विचारीत जावे लागते, हेही खरे.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मॅसाच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत 'लिस्प' ही भाषा रचावयास घेतली, ती या यादीच्याच पायावर. त्यांच्या आयबीएम ७०४ यंत्रात पत्ता १५ द्विमान अंकांचा असे. म्हणजे घरे फार तर ३२,७६८. यादीतून वगळलेली घरे परत मिळविली नाहीत तर हा साठा लवकरच संपणार. पूर्वी हे काम आज्ञावली लिहिणाऱ्याकडे असे. पण दुसऱ्या यादीत वापरात असलेले घर चुकून मोकळे केले, की ती यादी बिघडलीच. मॅकार्थींनी हे काम यंत्रावरच सोपविले. मोकळी घरे संपली की यंत्र हातचे काम थांबवी, वापरातील याद्यांच्या आरंभापासून पत्त्यामागून पत्ता धरून जाई व भेटेल त्या घरावर खूण करी. खूण न झालेली घरे मोकळ्या घरांच्या यादीत जमा होत. होय, त्यांचीही यादीच!

१९६० च्या आसपास उद्योगसंस्थांच्या प्रतिनिधींपुढे लिस्पचे प्रात्यक्षिक चालू होते. मध्येच टंकयंत्र सेकंदास दहा अक्षरे या गतीने छापू लागले: कचरा गोळा करणाऱ्यास पाचारण केले आहे, त्याची आकडेवारी पुढीलप्रमाणे. या कचऱ्याविषयी श्रोत्यांना कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. पानभर मजकूर संपेपर्यंत उरलेला वेळ सरणार हे उघड होते. मॅकार्थी व व्याख्याते यांना हसू आवरेना. आणि कोणीतरी यांची थट्टा केली असावी, असे काही श्रोत्यांना वाटले असावे.